दुसऱ्या मशीनचा पत्ता

त्या प्रकरणाचा निकाल लागून जमाना झाला, पण ती दुपार माझ्याजवळच राहिली. ऐंशीच्या दशकात मी पांढुर्ण्याच्या ठाण्यात नवी सब-इन्स्पेक्टर होते. कमी बोलत असे.

खबऱ्याने सांगितले की बसस्टँडजवळचा व्हिडिओवाला नव्या सिनेमांच्या चोरून नकला काढतो. छाप्यात एकच व्हीसीआर सापडला आणि लग्नांची नावे लिहिलेल्या कॅसेटी. नक्कल काढायला दोन मशीन लागतात. एकावर कॅसेट चालते, दुसऱ्यावर भरली जाते. पंचनामा करून माल जप्त केला आणि व्हिडिओवाल्याला ठाण्यात आणून बसवले.

"एका मशीनीवर नक्कल कशी निघन जी, मॅडम? मी तं लग्नाच्याच कॅसेटी ठेवून राहिलो."

दुसरे मशीन कुठे आहे, तासभर मी तेच विचारत होते. हेड कॉन्स्टेबल दाराशी हसले. "मॅडम, दम देऊन राहिल्या का रेडिओवर बातम्या वाचून राहिल्या?"

तेवढ्यात सौंसरहून एक नवी सून आली. जप्त मालात तिच्या लग्नाची कॅसेट होती. सासरसाठी नक्कल हवी म्हणून तिने दुकानात दिली होती. लग्नानंतर दोन महिन्यांत तिची आई वारली. "माय चालते-बोलते ते त्याच्यातच हाय. एकडाव पाहू द्या."

मुद्देमाल कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही, पण तपासता येतो. कॅसेट हातात घेतली तर, वर दुसरे काही भरले जाऊ नये म्हणून मोडलेल्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी. भरलेल्या कॅसेटवर पुन्हा काही भरायचे असेल, तरच कोणी तसे करतो. जप्त व्हीसीआर टीव्हीला जोडून मी ती लावली. खिडक्या लोटल्या.

हळदीचा मांडव उजळला. हिरव्या लुगड्यातली बाई लाजून कॅमेऱ्याला हातानेच 'जा' म्हणत होती. शिपाई, आरोपी, आम्ही, सगळे जणू त्या मांडवात बसलो होतो. मग पडदा थरथरला आणि सिनेमातली मारामारी सुरू झाली. छापा पडला तर आधी लग्न दिसावे, म्हणून त्याने पुढच्या फितीवर सिनेमा भरला होता.

"माही माय?" तिने टीव्हीलाच विचारले.

'दुसऱ्या कोणी भरला असन,' एवढे म्हणून तो सुटू शकत होता. मी गप्प राहिले. त्याने माझ्याकडे पाहिलेच नाही.

"रडू नको, पोरी. तुही नक्कल मी आधीच काढून ठेवली. तिगावले, बहिणीच्या घरी हाय." तो थांबला. "दुसऱ्या मशीनीजवळ."

हेड कॉन्स्टेबलचा पेन थबकला. पोलिसापुढची कबुली कोर्टात टिकत नाही, पण तिच्यावरून सापडलेली वस्तू टिकते. त्यालाही ते ठाऊक असावे.

तिगावात दोन्ही सापडले. पुढे कोर्टाच्या हुकमाने ती नक्कल मुलीला देण्याआधी आम्ही लावून पाहिली. रंग उतरले होते; लुगडे पाण्यासारखे दिसत होते.

"हिरवं होतं," ती म्हणाली, आणि काचेवर बोट टेकवून बसली.

त्यानंतर चौकशीत एक प्रश्न विचारून मी थांबायला शिकले. माणूस पोलिसाला उत्तर देत नाही. ज्याचे त्याने बिघडवले, तो समोर बसला की कधी कधी देतो.

शिक्षा त्याला झालीच. कोर्टातून नेताना त्याने मला एवढेच विचारले, "आवाज साफ हाय ना जी, त्या पोरीच्या नकलेत?"

"हो," मी म्हणाले.