आबांचे दोन शब्द

त्या वर्षी देवावरचा माझा विश्वास उडाला होता, हे आधीच कबूल करतो. मी भडगावचा. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि ओरिसाच्या किनाऱ्यावर समुद्री कासवांच्या अभ्यासात क्षेत्र सहायक म्हणून लागलो. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. काम साधं होतं. पहाटेपासून किनारा चालायचा, माद्या वर चढून गेल्याच्या खुणा वहीत लिहायच्या, धोक्याच्या जागी घातलेली अंडी हलक्या हातानं काढून कुंपणातल्या वाळूत पुन्हा पुरायची. पण तिसऱ्या हंगामात माद्या आल्याच नाहीत. रोज लाटांबरोबर यायची ती मेलेली कासवं. मासेमारीच्या मोठ्या जाळ्यांत अडकून गुदमरलेली, डोळे सुजलेले. त्यांच्या पाठीला टेप लावून माप घ्यायचं, पुन्हा मोजली जाऊ नयेत म्हणून रंगाची खूण करायची आणि पुढं चालायचं. या जिवांनी कुणाचं काय बिघडवलं होतं? विचारावं असं कुणी वर आहे, असं मला वाटेनासं झालं.

त्यात घरचं एक शल्य होतं. ही नोकरी धरली तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, भयंकर संतापले होते. दोन पोरांतला शिकलेला मी. जळगावला मास्तर होईल, सणावाराला घरी येईल, एवढीच त्यांची अपेक्षा. "कासवं मोजाले इतलं शिकना का तू?" असं म्हणून ते उठून शेतात गेले आणि मी निघालो तेव्हा परतले नव्हते. त्यानंतर तीन वर्षं आमचं बोलणं नाही. सुटीत गेलो तर माझ्या ताटावर लक्ष ठेवायचे, माझ्याशी मात्र शब्द नाही. मीही हट्टी. पण किनाऱ्यावर एकटा चालताना त्यांचा आवाज ऐकावासा वाटायचा. बैलांना हाक मारतानाचा, शेजाऱ्याशी भांडतानाचा, कसलाही. आजूबाजूला सगळे उडिया बोलणारे. ती भाषा मी शिकलो होतो, पण तिच्यात मला स्वप्न पडत नव्हतं.

फाल्गुनात थोरल्या भावाचं पत्र आलं. फिरत फिरत आलं असावं, कारण तारीख जुनी होती. आबांना अर्धांगवायू झाला होता. उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. "तू ये," एवढंच शेवटी होतं. पत्र हातात घेऊन मी वाळूत बसलो. तीन वर्षं ज्या आवाजाची वाट पाहिली, तोच गेला होता. आता अबोला सोडायला आबांकडे बोलणंच उरलं नव्हतं.

निघालो तेव्हा अंगात कणकण होती. खरगपूरला गाडी बदलेपर्यंत हिवतापानं पुरतं घेरलं. मुंबईकडे जाणाऱ्या मेलच्या साध्या डब्यात कसाबसा चढलो आणि दाराजवळच्या वाटेत बॅगेवर डोकं टेकून पडलो. लोक ओलांडून जात होते. थंडीनं दात वाजत होते, घसा सुकला होता. शुद्धीत असतो तर पाणी हिंदीत किंवा उडियात मागितलं असतं. तापाच्या भरात तोंडून आपोआप घरच्या बोलीत निघून गेलं, "पानी दे वं माय."

"काय म्हना रे तू? कोन गावना शे?"

मला वाटलं, तापात भास होतोय. डोळे उघडले तर एक साठीची बाई वाकून बघत होती. नऊवारी नेसलेली, कपाळावर बुक्का, हातात पितळी तांब्या. मी म्हणालो, "भडगावना." ती मागं वळून जवळजवळ ओरडलीच, "आरे, हाऊ तं आपलाच शे! बठ्ठा सरका रे, पोऱ्याले आडं पडू द्या." जगन्नाथपुरीची यात्रा करून परतणारी धुळ्याकडची दहा-बारा शेतकरी माणसं होती ती. त्यांनी बाकावरची गाठोडी खाली घेतली आणि मला उचलून तिथं निजवलं. सगळे तिला अक्का म्हणत होते. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं, लुगड्याचा पदर भिजवून कपाळावर ठेवला. एका स्टेशनावर तिनं सोबतच्या नानांना उतरवून गोळ्या आणवल्या. मी गुंगीत काय काय बडबडलो, कोण जाणे. जाग आली की तिचा हात कपाळावर असायचा आणि डब्यात माझी भाषा ऐकू यायची. कापसाचा भाव, कुणाच्या सुनेचं बाळंतपण, वाटेत हरवलेली चप्पल. त्या साध्या बोलण्यानं मला औषधाइतकाच गुण आला, असं मी म्हटलं तर कुणी हसू नये.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. आबांचा राग, माझा हट्ट, गेलेली वाचा. देवावर माझा विश्वास नाही, हेही. वाटलं, रागावेल. ती म्हणाली, "तुन्हा नसू दे. पन तू पानी मांगं आनि मी आठेच तुन्हा जवळ बठेल व्हती. आते तू घर जाय, बापना पायजवळ बठ. त्यानी बोलाले पाहिजे आसं मनमा धरू नको." मग तिनं पुरीच्या प्रसादाचा वाळवलेला भात चिमूटभर माझ्या रुमालात बांधून दिला.

चाळीसगावला सगळे उतरलो. त्यांना धुळ्याची गाडी धरायची होती. नानांनी मला भडगावच्या एसटीत बसवून दिलं. अक्काचं नाव-गाव विचारायचं राहून गेलं. पुढं धुळ्याकडच्या किती गावांत चौकशी केली, पण पुरीला गेलेल्या अक्का तिकडं पुष्कळ. मला हवी होती ती भेटली नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. ओसरीवर खाटेवर आबा पडलेले. ते उंचपुरं शरीर पोत्यासारखं एका अंगाला झुकलेलं. माय आतून धावत आली, पण मी तिच्याकडे न बघता खाली बसलो आणि आबांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी बोलावं असं काही मनात धरलं नव्हतं, खरंच नव्हतं. नुसता बसून राहिलो. आणि वरून एक घोगरा, अडखळता आवाज आला.

"उना?"

आलास? एवढंच. भाऊ गोठ्याकडून धावत आला. माय दाराला धरून रडू लागली. दीड महिन्यात त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द होता. तालुक्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, की असं होतं, कधी कधी वाचा थोडी परत येते. ते खरंच असेल. मी प्रसादाचा एक दाणा आबांच्या जिभेवर ठेवला, एक स्वतः खाल्ला.

मायनं मग सांगितलं, तीन वर्षं आबा रोज सकाळी गिरणेकाठच्या महादेवाला जात होते. पिंडीला नव्हे, दारातल्या दगडी कासवाला आपल्या हातानं पाणी घालत. "मन्हा पोऱ्या समुद्रवर शे, त्याले सांभाळ, आसं म्हनेत तुन्हा आबा," माय म्हणाली. मी ज्याला अबोला समजत होतो, ते हे होतं. मी तिथं मेलेली कासवं मोजत देवाला नाकारत होतो आणि इथं एक माणूस माझ्यासाठी रोज त्याच्यापुढं वाकत होता.

पावसाळाभर मी घरी राहिलो. आबांना अंघोळ घालायची, भिंतीला धरून चालवायचं, भाकरी दुधात कुस्करून भरवायची. शब्द फारसे आले नाहीत, पण डोळे बोलत. कार्तिक उजाडला तशी मला समुद्राची ओढ छळू लागली. माद्या आता किनाऱ्याजवळ येत असतील, या विचारानं जेवण जाईना. तरी मी मन मारलं आणि नोकरी सोडत असल्याचं पत्र लिहिलं. आबांना ते वाचून दाखवलं. त्यांना बरं वाटेल, असं वाटलं होतं. त्यांनी डाव्या हातानं कागद घेतला, छातीशी चुरगाळला आणि सगळं बळ एकवटून म्हणाले, "जाय."

मी गेलो. त्या माघात माद्या आल्या, इतक्या की वाळूवर पाय ठेवायला जागा नव्हती. तसं भावाला कळवलं. त्यानं पत्र मोठ्यानं वाचलं तेव्हा आबा हसले म्हणे. पुढच्या चैत्रात ते गेले. मी पोचलो तो दहाव्याला.

त्यांचा आवाज पुन्हा ऐकावा, ही ओढ अजून आहे, आणि ती मिटावी असंही मला वाटत नाही. तीन वर्षं मी हट्टानं मागत होतो, तेव्हा काही मिळालं नाही. मागणं सोडून पायाशी बसलो, तेव्हा दोन शब्द मिळाले. एकानं मला घरात घेतलं, दुसऱ्यानं मोकळं केलं. बापाकडून पोराला याहून जास्त काय हवं असतं? देणाऱ्याचं नाव मला आजही नीट सांगता येत नाही. हात मात्र आपोआप जोडले जातात.