साठ बिया, एकशे सदतीस रोपं

सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात पत्नीचं हिमोग्लोबिन आठ पॉइंट दोन निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बीट खायला सांगितलं. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर व्हर्नियरने मापं घ्यायची. घरामागे दहा फूट लांबीचा वाफा होता. साठ दिवस, रोज एक बीट, असा हिशोब करून साठ बिया मोजल्या आणि पट्टी धरून चार-चार इंचांवर एकेक लावली. दोन ओळी, प्रत्येकी तीस.

बाराव्या दिवशी मोजली, तर रोपं एकशे सदतीस.

वाफ्याला पाणी ती घालायची. उरलेल्या बियांची पुडीही तिच्याच फडताळात होती.

"उरलेलं बी तू टाकलंस का?"

"मी कशाला टाकू?"

"मग सत्त्याहत्तर रोपं आकाशातून पडली?"

"अहो, मोजताना चुकला असाल."

हे मला लागलं. "मी मोजताना चुकत नाही. तू खोटं बोलतेस."

तिने झारी खाली ठेवली. "आता तुमचं बीट आणि तुमचं पाणी."

त्यानंतर पहिल्या पाळीला निघण्याआधी पाणी मीच घालायचो. एकदा ती दारातूनच म्हणाली, "जास्तीची उपटून द्या, पाल्याची भाजी करते." मी एकही उपटलं नाही. उपटली असती तर पुरावाच गेला असता.

अडीच महिन्यांनी काढायला गेलो. पाला गुडघ्याएवढा आणि खाली तीन-तीन, चार-चार मुळं एकमेकांत पिळलेली. सर्वांत जाड बीट बावीस मिलिमीटर. चिडून एक जुडगा घेऊन बियाण्याच्या दुकानात भांडायला गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने बरणीतली एक खडबडीत बी माझ्या तळहातावर ठेवली.

"साहेब, ही एक बी नाही. हिच्या पोटात दोन-चार बिया असतात. एक रोप ठेवून बाकीची काढायची. घरात कुणी बोललं नाही?"

"बोललं होतं," मी म्हणालो.

येताना बाजारातून किलोभर बीट आणलं आणि तिला सगळं सांगितलं.

"म्हणजे बी मी टाकलं नव्हतं."

"नव्हतं. एका बीमागे सरासरी दोन पॉइंट अठ्ठावीस रोपं येतात, म्हणून..."

ती बीट उचलून आत गेली. मी चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. ते सोडून मी भागाकार समजावत बसलो. जेवताना बीटची कोशिंबीर फक्त माझ्या ताटात होती.