धुळाचा ढोल आणि पडते ठिपके

पूनमला सध्या कशाचाही राग येतो. ऑफिसातल्या कूलरचा, चहाच्या कागदी कपाचा, आणि सगळ्यात जास्त मल्लिनाथसरांच्या "अजून काय आहे?" या प्रश्नाचा. तिचं चुकतं असं कोणी म्हणू नये. तिच्या जागी दुसरी असती तर तिनं एव्हाना टेबल उलटं केलं असतं.

सांगोल्याकडच्या एका धनगरवाडीतली ही पोर. बाप धुळा मेंढरं राखतो आणि बिरोबाच्या जत्रेत गजीचा, म्हणजे धनगरी नाचाचा, ढोल वाजवतो. मधे ढोल, भोवती रिंगण धरून रुमाल उडवत नाचणारे गडी. त्यांच्या पायांकडे बघून धुळाचा हात चालतो. आणि त्याचा एक कायदा आहे. गडी ऐन रंगात आले की ढोल थांबवायचा. लोक चिडतात, शिव्या घालतात, तरी हा ढोल खाली ठेवतो. "पाय भुकंलं असत्यात तवाच थांबावं," म्हणतो. "प्वाट भरलं की मानूस ताटाकडं बगत बी न्हाय." जत्रा सरली की ढोल आढ्याला टांगला, तो पुढच्या जत्रेलाच खाली येतो. पूनमला लहानपणापासून हा निव्वळ कंजूषपणा वाटत आला.

शिकून ती सोलापुरात, होटगी रोडवरच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीत लागली. मोबाईलवर गाणं वाजतं, वरून रंगीत ठिपके पडतात, ठेक्यावर बोट मारायचं. चुकलात की खेळ खलास. कुठल्या ठेक्याला कुठला ठिपका पडणार, हे पूनम ठरवायची. सुरुवातीला पोरं अक्षरशः वेडी झाली होती. मग मालकाला, म्हणजे मल्लिनाथसरांना, हाव सुटली. रोज नवी गाणी, आणि ती तरी कसली, जुन्याच ठेक्याला नवं झबलं घातलेली. तसलेच गेम दुसऱ्यांनीही बाजारात ओतले. खेळणारे कंटाळून गेम काढून टाकू लागले, तर सर म्हणतात, "गाणी कमी पडताहेत." अति तिथे माती, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

तेव्हा पूनमला ढोल सुचला. वाडीतल्या तरण्या पोरांनी रिंगणात उतरणं कधीच सोडलं होतं. नाचायला नुसते पिकल्या मिशांचे म्हातारे उरले होते. बापाचा ढोल मोबाईलवर वाजला तर पोरं परत येतील, एवढीच तिची आशा. मागच्या जत्रेत तिनं रेकॉर्डिंग केलं. धुळा नेहमीसारखा थांबायला लागला तशी ती चिडली. "बापू, आज थांबू नगा. कंपनीला लई लागतंय." लेकीसाठी धुळानं कायदा मोडला. मनगट सुजेपर्यंत वाजवलं.

गजीचं पहिलं गाणं आलं आणि खरंच धमाल उडाली. वाडीतून चुलतभाऊ जोतिरामचा फोन आला, "पूनमे, पोरं पाराव रुमाल घिऊन नाचत्यात की!" त्या दिवशी ती ऑफिसातच आनंदानं रडली.

आणि मल्लिनाथसरांनी काय करावं? त्या रेकॉर्डिंगची खांडोळी केली. गजी जलद, गजी संथ, गजी दिवाळी, गजी लग्न. सकाळी एक, संध्याकाळी एक.

"सर, एकच राहू द्या," पूनम म्हणाली. "लोकांना जरा वाट बघू द्या."

"वाट बघायला ते काय एसटी स्टँडवर बसलेत का?"

ते सगळे ठिपके पूनमच्याच हातून लावून घेतले. तिनं दातओठ खाल्ले, पण लावले.

यंदा जत्रेला धुळानं ढोल खाली काढला, त्याला भंडारा लावला आणि टिपरू उचललं. पोरं रुमाल घेऊन हजर होती. चार फेऱ्या होतायत तोवर एकेक जण रिंगणातून बाहेर पडू लागला. फोन करणारा जोतिरामच सगळ्यात आधी.

पूनमच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिनं भर जत्रेत त्याची कॉलर धरली. "कुटं चाललास रं?"

"त्येच त्येच हाय की, पूनमे. वरीसभर आयकून आयकून ईट आलाय."

"बापूंनी वर्सातनं एकदा ढोल काडलाय आन् तुला ईट आलाय?"

"मग खोटं सांगू व्हय?"

तो खोटं सांगत नव्हता. म्हणूनच त्याच्या थोबाडीत मारायला उचललेला हात तिला खाली घ्यावा लागला. तो कॉलर नीट करत उसाच्या रसाच्या गाड्याकडं निघून गेला.

रिंगण मोकळं झालं. धुळाकडं साधा बटणांचा फोन, त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो कावराबावरा होऊन लेकीकडं बघू लागला.

"माजा हात चुकला का गं?"

"न्हाय, बापू." मग तिनं सगळं सांगितलं. तुकडे कसे पाडले, दिवसातून किती वेळा वाजवले, आणि ठिपके कोणी लावले, तेही.

धुळा जन्मात कधी लेकीवर ओरडला नव्हता. आज साऱ्या वाडीदेखत ओरडला.

"मग जा! माजा ढोल माघारी घिऊन ये!"

पूनम जागची हलली नाही. जाणार कुठे? ढोल हजारो मोबाईलमध्ये जाऊन पडला होता, आणि आता तिथंही त्याला कोणी हात लावत नव्हतं.