काळी चारच्या खाली

एकलहऱ्याच्या वसाहतीत महिला भजनी मंडळ आहे आणि त्यात पेटीवर मी, गोरक्ष, एकटा पुरुष. वीज केंद्रातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण मंडळाची पेटी तीस वर्षांपासून माझ्याकडेच आहे. पुढे जे सांगणार आहे त्यात माझी फारशी शोभा नाही. तरी सांगतो, कारण उज्वलाबद्दल सांगायला मला आवडतं.

उज्वला आमच्या केंद्रातच, कोळशाच्या लॅबमध्ये. कोळशात ओल किती, राख किती हे काढायचं तिचं काम. माहेर चांदवडकडचं, कांदा करणारं. बेचाळिसाव्या वर्षी तिने नाशिकरोडहून गिटार आणली. "शिकवणार कोण?" नवऱ्याने, हर्षलने विचारलं, तेव्हा तिने मोबाइल वर करून दाखवला. दोन वर्षं व्हिडिओ बघत ती चार-पाच कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे जुडगे, सफाईने वाजवायला लागली आणि एका गुरुवारी गिटार घेऊन थेट भजनाला आली.

गिटार म्हणजे कॉलेजातल्या पोरांचं खूळ, असं माझं ठाम मत होतं. "कोणती पट्टी धरू, भाऊ?" तिने विचारलं. "काळी चार," मी गुरकावलो. आमच्याकडे गाणाऱ्याची पट्टी, म्हणजे त्याचा सा कुठे ते, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून सांगतात, हे तिला कोणत्या व्हिडिओत सांगणार? तिने मान डोलावली आणि गिटारचा सूर चढवायचा तो चिमटा, कॅपो म्हणतात त्याला, दांडीवरच्या चौथ्या घरात लावला. चार म्हणजे चौथं घर! पहिल्याच ओळीला पेटी एकीकडे आणि गिटार भलतीकडे. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी तर खदाखदा हसलो, त्याची आज लाज वाटते.

दुसरी कोणी असती तर परत आली नसती. ही दुसऱ्या दिवशी ड्युटी संपवून माझ्या घरी हजर, हातात वही. "भाऊ, पेटी उघडा. एकेक पट्टी दाबा, मी तारेवर तोच सूर शोधते."

पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत आम्ही चढत गेलो. प्रत्येक सूर तिने तीनदा वाजवायला लावला.

"तीनदा कशाला गं?" मी वैतागलो.

"तीन रीडिंग जुळल्याशिवाय मी सही करत नाही."

बारा पायऱ्यांचा तक्ता झाला. एका बाजूला माझी पेटीची नावं, दुसऱ्या बाजूला तिची इंग्रजी अक्षरं. कॅपो पहिल्या घरात लावला की तिची नेहमीची बोटं काळी चारला बसतात, हे त्यातून निघालं. पुढच्या गुरुवारी कोणी हसलं नाही.

मग दिवाळीनंतर सुलाबाई आजारी पडल्या. सत्तरीच्या सुलाबाई आमच्या मुख्य गायिका. दत्तजयंतीला त्यांची गवळण ऐकायला आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात. खोकला गेला, पण आवाज खाली उतरला. गवळणीच्या वरच्या जागेला गळा फाटायला लागला. जयंती आठ दिवसांवर असताना त्यांनी टाळ खाली ठेवले. "आता माझं बास झालं. लय गायले. दुसरी कोणी उभी करा."

उपाय साधा होता. पट्टी उतरवायची. पण आमची जुनी पेटी सरकपट्टीची, म्हणजे पट्ट्या सरकवून तीच बोटं दुसऱ्या सुरात वाजवता येणारी, नाही, आणि माझं एक गुपित होतं. तीस वर्षांत माझ्या बोटांना फक्त काळी चार येते. बाकी पट्ट्यांत मी आंधळा. म्हणून मी तोंड वर करून म्हणालो, "पट्टी उतरवली तर गवळणीची मजा जाते." साफ खोटं. पेटीवाला म्हणतोय म्हणून सुलाबाईंनी ते मानलं आणि डोळे पुसत घरी गेल्या.

उज्वलाने नाही मानलं. ती सुलाबाईंच्या घरी गेली, त्यांना साथीशिवाय गुणगुणायला लावलं आणि त्यांचा सा तारेवर शोधला. पांढरी चार. काळी चारपासून तीन पायऱ्या खाली. आता पंचाईत अशी, की कॅपोने सूर चढतो, उतरत नाही. दोन दिवस ती तिथेच अडली. तिसऱ्या संध्याकाळी माझ्या दारात.

"भाऊ, गवळणीत मी फिरून फिरून तीनच कॉर्ड वाजवते. ते सा, म आणि प वरच उभे आहेत ना?"

मी पेटीवर बोट ठेवून पाहिलं. होते.

"मग मी कॉर्डची नावं कशाला पाठ करत बसले? सा हलला की म आणि प त्याच्या मागून तेवढ्याच पायऱ्या हलणार. सा साठी दुसरा कॉर्ड धरायचा आणि तिथून मोजायचं."

तिने मोजलं. बोटं बदलली, कॅपो तिसऱ्या घरात लावला, वाजवलं. पांढरी चार! पुन्हा वाजवलं. मग तिसऱ्यांदा. जन्मभर सारेगम म्हणणाऱ्या मला जे सुचलं नाही ते हिने लॅबच्या वहीत मोजून काढलं होतं. मला राहवलं नाही. "उज्वला, मजा जाते म्हणालो ते खोटं होतं. मला काळी चारशिवाय काहीच येत नाही."

ती हसली नाही. "मला तर काळी चार म्हणजे काय तेही माहीत नव्हतं," ती म्हणाली.

सुलाबाईंना आम्ही दोघांनी मिळून मनवलं. जयंतीच्या संध्याकाळी देवळासमोर मी माइकवर सांगितलं, "मला या पट्टीत वाजवता येत नाही. आज साथ उज्वलाची." मी फक्त भाता ओढत एकच पट्टी दाबून धरली, पांढरी चार. सुलाबाईंनी गवळण उचलली. वरची जागा जवळ आली तसा माझा हात भात्यावर घट्ट झाला. त्या चढल्या, तिथे थांबल्या, मान हलवली आणि तीच ओळ पुन्हा घेतली. समोर माणसं उठून टाळ्या वाजवत होती. मी एकच बोट ठेवून रडत होतो आणि बोट काही हलवलं नाही.

गवळण संपल्यावर सुलाबाईंनी उज्वलाचा हात धरला. "पोरी, मला वाटलं व्हतं, आता नाय गाता यायचं."

आता बुधवारी संध्याकाळी मी उज्वलाकडे पेटी घेऊन जातो. पांढरी चार जमायला लागली आहे. तीनदा बरोबर वाजवल्याशिवाय ती पुढे जाऊ देत नाही.