गल्लीच्या मधोमध गेलेली रेघ

त्याने स्कूटरचं इंजिन बंद केलेलं मी कधी ऐकलं नाही. आमच्या बिल्डिंगखाली यायचा, एक पाय जमिनीवर टेकवायचा आणि हॉर्न वाजवत राहायचा. मी गॅलरीत आलो की मान वर करून ओरडायचा, "खाली या की सर, दोनच मिनिटं!" वर ये, चहा घे म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बसायला टाइम न्हाई, सर. गल्लीत लोक वाट बघायलेत."

लोकांची वाट बघण्याची कारणं काहीही असत. ड्रेनेज तुंबलेलं, लेकराची शाळा, नाहीतर नुसतंच कुणीतरी कुणाला काहीतरी बोललेलं. तुमच्याही भागात असा एक जण असणारच. त्याला पक्षाचा कार्यकर्ता म्हणतात, पण पक्ष त्याला निवडणुकीपुरता ओळखतो आणि गल्ली बाराही महिने पिडते. मला त्याचा हॉर्न ऐकला की आधी वैताग यायचा आणि मग मी चपला शोधायचो.

तो लातूरकडून थेरगावात आला तो लेथवर हेल्पर म्हणून. पुढे स्वतःचं लेथ मशीन घेतलं, गल्लीत आमच्याच बाजूला खोली केली आणि भाड्याच्या शेडमध्ये वर्कशॉप टाकलं. आमची गल्ली आणि तिच्या दोन्ही अंगांची वस्ती बहुतेक मराठवाड्यातून आलेल्यांची, चाकणच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांची. सुरुवातीच्या दिवसांत त्याला जेवू घातलं ते गल्लीच्या समोरच्या बाजूच्या खाणावळीतल्या मावशीने. पगार झाला नसला तरी ताट वाढलेलं असे. तिथेही तो उभ्यानेच जेवायचा. "बूड टेक रं मेल्या, अन्न अंगी लागू दे," मावशी ओरडायची आणि भाकरी घेऊन त्याच्या मागे मागे फिरायची.

त्याला एकच गोष्ट हवी होती. आमच्याकडे तिकिटं मिळतात ती जुन्या गाववाल्यांना. बाहेरून आलेल्यांनी सतरंज्या उचलायच्या. "आपलाबी एक माणूस महापालिकेत पाहिजे का न्हाई, सर?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की तो बोलायच्या आधीच मी मान हलवायचो. यंदा मात्र त्याच्या पक्षाचे भाऊ, म्हणजे आमच्या भागातले पुढारी, "बघू तुझं" असं म्हणाले होते. तेवढ्यावर पोरांनी त्याच्या वाढदिवसाला मावशीच्या भिंतीवर भला मोठा फ्लेक्स लावला. 'भावी नगरसेवक.' फोटोतला गॉगलही त्याचा नव्हता.

मग प्रभागांचा नवा नकाशा आला. निवडणुकीआधी शहराचे प्रभाग, चार-चार नगरसेवकांचे, पुन्हा पाडतात, कच्चा नकाशा लावतात आणि लोकांच्या हरकती मागवतात. त्याने भिंतीवरच्या नकाशाचा मोबाईलवर फोटो काढला आणि थेट माझ्याकडे आला, कारण मी चाकणच्या एका कंपनीत ड्रॉइंगं काढतो.

"ह्यात आपली गल्ली कुठाय, सर?"

मी फोटो मोठा केला. प्रभागाची हद्द नाल्याकाठाने शहाण्यासारखी येत होती. आमच्याजवळ आल्यावर तिला काय झालं कोण जाणे, नाला सोडून ती गल्लीत शिरली, वस्तीच्या मधोमध चालत गेली आणि पुन्हा नाल्याला जाऊन मिळाली. हद्द नाल्याने, मोठ्या रस्त्याने जावी, वस्ती शक्यतो फोडू नये, एवढा साधा नियम. अशी रेघ मी ऑफिसात काढली असती तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता. आमच्या बाजूची घरं एका प्रभागात, समोरची डांगे चौकापलीकडच्या प्रभागात.

"म्हंजे मावशी तिकडं?" त्याने विचारलं.

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हणालो, "मागच्या वेळी नाल्यापलीकडची वस्ती अशीच फोडली होती. ती तुमच्या विरोधकांची होती. तू पेढे घेऊन आला होतास."

"ते राजकारण होतं, सर."

"आणि हे?"

तो निघाला. कोपऱ्यापर्यंत गेला, वळून परत आला, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याने घराघरांतून हरकती लिहून घ्यायला सुरुवात केली. तेवढ्यात पलीकडच्या प्रभागातले इच्छुक येऊन म्हणाले, "भावा, फ्लेक्स काढ. हा एरिया आता तुझा नाय." तो हमरीतुमरीवर आला, पण शेवटी शिडी लावून स्वतःच फ्लेक्स उतरवला. मलाही त्या दिवसांत चैन पडेना. समोर दूध आणायला निघालो की पायाखाली ती रेघ जाणवायची. अर्धी गल्ली ओलांडली की आता आपण दुसऱ्याच्या हद्दीत आलो, असं उगाच वाटायचं. स्वतःचाच राग यायचा.

हरकतींच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी हॉर्न वाजला. मी खाली गेलो. त्याचा चेहरा उतरला होता. भाऊंनी त्याला बोलावून घेतलं होतं.

"काय म्हणाले?"

"म्हणले, तुझी बाजू आपल्याच प्रभागात हाय. अर्धी वस्ती तुला निवडून यायला बास झाली. अख्खी एका जागी ठेवली तर उद्या तुमचा दुसरा उभा राहील, परवा तिसरा, मग आमी गाववाल्यांनी कुटं जायाचं? हरकत मागं घे, तिकीट तुझं." त्याने स्कूटरची मूठ पिळली. "काय करू, सर?"

मी पगारदार माणूस. मी सांगितलं, "तिकीट घे. निवडून आलास की मावशीकडेही बघता येईल." सल्ला शहाणपणाचा होता, मला अजूनही तसंच वाटतं.

"मावशीचं काम घेऊन गेलो तर तिथले म्हणतील, तुझा प्रभाग न्हाई. त्या दिशी फ्लेक्सला म्हणले तसं."

मी अर्धा दिवस रजा टाकून सुनावणीला गेलो. भाऊंची माणसं पुढच्या रांगेत पाय पसरून बसली होती. नाव पुकारल्यावर तो उठला. हातातला कागद त्याने बघितलाच नाही. "साहेब, मागच्या टायमाला नाल्यापलीकडची वस्ती फोडली, तवा मी पेढे वाटले. चुकलं माझं. आता आमची फोडली. त्यांचीबी जोडा, आमचीबी जोडा."

"तुमच्या हरकतीपुरतं बोला," सुनावणी घेणारे साहेब म्हणाले.

"हीच हरकत हाय."

सभागृह हसलं. मागे नाल्यापलीकडचे दोघे-तिघे होते, आयुष्यभर त्याच्याशी भांडलेले. ते मात्र हसले नाहीत. मला त्याचा फार अभिमान वाटला, आणि इतका मूर्ख माणूस आपल्या ओळखीत असावा याचा संतापही आला.

रेघ हलली नाही. तिकीट भाऊंच्या भाच्याला गेलं. वर्कशॉपची शेड भाऊंच्याच नात्यातल्या माणसाची होती. भाडेकरार पुढे चालू ठेवायला मालकाने नकार दिला. महिन्याभरात लेथ टेम्पोवर चढलं आणि तो कुरुळीला गेला. "चाकणची कामं जवळ पडतेत," एवढंच म्हणाला. गल्लीत ड्रेनेज तुंबलं की आता लोक एकमेकांना विचारतात, आपण कुणाच्या प्रभागात?

मतदानाच्या दिवशी तो आला. स्वतःचं मत आमच्या बाजूच्या शाळेत दिलं आणि मग रिक्षा करून मावशीला डांगे चौकापलीकडच्या तिच्या केंद्रावर घेऊन निघाला. तिचे गुडघे गेलेले. धरायला दुसरा माणूस हवा म्हणून मलाही रिक्षात बसवलं.

शाळेच्या फाटकाशी उमेदवारांचे कार्यकर्ते टेबलं मांडून बसले होते. मावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली. एकही तोंड ओळखीचं नव्हतं. इतकी वर्षं याच पोराने तिला आमच्या बाजूच्या शाळेच्या फाटकाशी आणून सोडलं होतं, कुठलं बटण दाबायचं ते घरीच सांगून.

"चार बटनं दाबायचीत म्हणं," ती म्हणाली. "कुणाची दाबू रं?"

त्याने टेबलांवरची नावं वाचून बघितली.

"मला इथलं कुणीच ठावं न्हाई, मावशी."

"मग मी इथं कशाला आले?"

रांग पुढे सरकली. मावशीने त्याचा हात सोडला, माझाही सोडला आणि भिंत धरत धरत एकटीच आत गेली.