सव्वीस जानेवारीची हजेरी

अकोल्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी हजेरी कारकून होतो. कापसाचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, त्यामुळे सव्वीस जानेवारी नेमकी ऐन घाईत यायची. त्या दिवशी बायांना कामावर बोलावलं तर दुप्पट रोजी द्यावी लागे. शेटजींनी त्यावर तोड काढली होती. सकाळी फाटकासमोर झेंडा चढे, सगळ्यांच्या हातावर बुंदी पडे आणि फाटकाला कुलूप लागे. मग बाया सरकीच्या गोदामाच्या दारानं आत शिरत आणि सरकी काढायची यंत्रं, रेचे, सुरू होत. भोंगा तेवढा वाजत नसे. हजेरीबुकात मी प्रत्येकीपुढं 'सुट्टी' लिही. संध्याकाळी एकेरी रोजी. नाही म्हणणारीला दुसऱ्या दिवसापासून काम नसे, म्हणून कोणी नाही म्हणत नसे. मलाही त्याचं काही वाटत नसे. लबाडी शेटजींची, आपण हुकमाचे ताबेदार.

साठ सालच्या आसपास अशाच एका सव्वीस जानेवारीला रेच्यावरच्या एका बाईचा उजवा हात आत ओढला गेला. कोपरापासून कापावा लागला. धर्मांतरापासून तिच्या घरी जयभीमची रीत होती, आणि ती मलाही रोज जयभीम करी.

दवाखान्यातून सुटल्यावर तिनं भरपाईचा अर्ज केला. चौकशीला सरकारी साहेब आले, तेव्हा मॅनेजरनं हजेरीबूक पुढं सरकवलं. कारखाना बंद, बाई सुट्टीवर. मग अपघात कारखान्यात होईलच कसा? साहेबांनी मला विचारलं, "अक्षर तुमचं?"

"हो."

"नोंद बरोबर आहे?"

त्यालाही मी "हो" म्हणालो. बाकीच्या बाया माना खाली घालून उभ्या होत्या. त्यांना उद्याचं काम हवं होतं, मला एक तारखेचा पगार.

साहेबांची जीप गेली. ती बाई फाटकाबाहेर थांबली होती. चिडलेली असती तर मला बरं वाटलं असतं.

"बाबू, तुयी नोकरी जाईन, मले समजते," ती म्हणाली. "पैशे गेले तं गेले. पण घरी माया नवराच म्हनते, तू खोटं बोलून राहिली, हात दुसरीकडंच कुठं घालवला. त्याले नोको सांगू, मलेच सांग. मी आलती ना त्या दिवशी? तुले जयभीम केलता ना?"

मॅनेजर फाटकातच विडी ओढत उभा होता.

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी सुट्टी होती."