वाढदिवसाच्या तारखेचा फळा

नामपूर सोडलं त्या सकाळी टेम्पोत सगळ्यात शेवटी चढले ते अप्पांचे रंगाचे डबे. अप्पा म्हणजे माझे वडील. गावातल्या दुकानांच्या पाट्या आणि कांद्याच्या ट्रॉल्यांमागची नावं तेच रंगवायचे. मग फ्लेक्सचं मशीन आलं आणि ब्रश सुकले. कोणीतरी नाशिकला अंबडच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळवून दिलं आणि आम्ही निघालो. अख्खी गल्ली टेम्पोभोवती उभी होती. किराणावाल्या तात्यांनी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं होतं, आणि एरवी ते गल्लीतून मयत निघाली की ओढतात हे आम्हाला माहीत होतं. आई डब्यांशेजारी बसली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "आपलं कोन शे तठे?" अप्पा दोरी आवळत म्हणाले, "तठे बी मानसंज ऱ्हातस."

नामपूरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखेच गाव सोडून कुठे कुठे गेलेल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही दर दिवाळीला विचारता, "नाशिकला एवढं काय ठेवलंय?" या वेळी खरं उत्तर देते. माझा एक हिशेब आहे इथे. पैशाचा नाही.

आमच्या कॉलनीच्या चौकात देवळाच्या भिंतीवर सिमेंटचा काळा फळा आहे. वार्ताफलक. पाणी कधी येणार, कोणाचा मुलगा दहावीला पहिला आला, हळदीकुंकू कुठल्या बंगल्यात, रक्तदान कधी, आणि कोण वारलं, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, हे सगळं त्यावर. दूध आणायला निघालेला माणूस पिशवी हातात धरून तिथे थांबणारच. शहरात शेजाऱ्याचं काय चाललंय हे शेजारी सांगत नाही, फळा सांगतो. हे कळायला आम्हाला फार वेळ लागला, आणि जेव्हा कळलं तेव्हा उशीर झाला होता.

फळा मंडळाचा, आणि मंडळ भाऊसाहेबांचं. तेव्हाही तेच अध्यक्ष, आजही तेच. अप्पांचं अक्षर पाहून त्यांनी फळा अप्पांकडे दिला. ड्युटीला जायच्या आधी अप्पा रोज लिहायचे. खडू साखरेच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे रंग चकाकतो आणि बोटाने पुसला जात नाही. पैसे कोणी दिले नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत. ब्रश सुटलेल्या माणसाला हातात खडू मिळाला यातच ते खूश होते. कॉलनीत सगळे त्यांना पेंटरकाका म्हणायचे, पण ते कुठे राहतात हे किती जणांना माहीत होतं, देव जाणे. खाली 'सौजन्य' म्हणून नाव मात्र भाऊसाहेबांचं.

त्या संध्याकाळी अप्पांनी भाऊसाहेबांच्या वाढदिवसाचा फळा लिहिला. कोपऱ्यात गुलाब काढला, 'आदरणीय', 'कार्यसम्राट' असं सगळं वळणदार लिहिलं, हात धुतले, जेवले. पहाटे छातीत कळ आली आणि रिक्षा मिळेपर्यंत सगळं संपलं.

आम्ही काय केलं सांगू? नामपूरला करतात तेच केलं. अंगणात सतरंजी टाकली, नातेवाइकांना फोन लावले आणि लोकांची वाट पाहत बसलो. आपल्याकडे मयत झालं की सांगावं लागतं का? चुली आपोआप थांबतात, बाया आपोआप येऊन बसतात. सतरंजी रिकामी राहिली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला की इथे फळ्यावर लिहिल्याशिवाय माणूस मरत नाही. मी ओलं फडकं आणि खडू घेऊन चौकात धावले.

तिथे मांडव लागला होता. भाऊसाहेब नव्या झब्ब्यात हारांची खोकी मोजून घेत होते. मी सांगितलं. ते "अरेरे" म्हणाले, माझ्या डोक्यावर हातही ठेवला. मग मी फळ्याकडे वळले तशी त्यांनी माझं मनगट धरलं. दाबून नाही, अगदी मऊ. म्हणाले, "पोरी, पाहुणे यायचेत. आजचा दिवस राहू दे. उद्या लिहू."

मी तेव्हा कॉलेजात होते. मोठ्या माणसासमोर आवाज चढवायचा नसतो एवढंच शिकले होते. फडकं तसंच घेऊन परत आले.

दुपारी नामपूरहून दोन जीप भरून आल्या. तुम्हीच आला होतात. इतक्या लांबून तुम्ही आलात आणि पलीकडच्या गल्लीतून कोणी नाही. समोरच्या घरचे दोघे आणि कंपनीतले चार जण, बास. काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की आज इथे संप वगैरे आहे का. अप्पांना अमरधामला नेलं तेव्हा चौकातल्या लाउडस्पीकरवर वाढदिवसाची गाणी लागली होती, आणि गाडी अप्पांच्याच अक्षरासमोरून गेली. रात्रभर आई एकच वाक्य म्हणत होती, "आठलं कोनीज उनं नही." इथलं कोणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर काय होतं? शुभेच्छांबद्दल आभार. वेड्यावाकड्या अक्षरात, कारण चांगलं लिहिणारा उरला नव्हता.

मी त्या दिवशी ठरवलं. लोक म्हणतात राग विरतो. माझा नाही विरला. मी तो लोणच्यासारखा झाकून ठेवला, आणि तो मुरला.

महिनाभर फळा कोणी धड लिहीना. मग मीच भाऊसाहेबांकडे गेले आणि म्हटलं, अप्पांचं काम मी करीन. त्यांना वाटलं पोरगी विसरली. "बापाचं अक्षर आलंय हो हिच्या हातात," असं चारचौघांत कौतुकही केलं. मी मान खाली घालून हसले. फळ्यावर त्यांच्या नावाआधीचं 'कार्यसम्राट' गळालं, मग 'आदरणीय'. वर्षभरात 'सौजन्य'पुढे समस्त कॉलनीवासी आले. भाऊसाहेबांनी बागेचं उद्घाटन केलं की मी लिहायची, बागेचं उद्घाटन झालं. जणू बाग आपली आपणच उघडली होती. खोटं एक अक्षर लिहिलं नाही.

आणि वर्ष भरलं तेव्हा ती तारीख आली. तारीख एकच आहे हो. ज्या दिवशी ते जन्मले त्याच दिवशी माझे अप्पा गेले, त्याला मी काय करणार? मी सगळा फळा धुतला आणि मधोमध लिहिलं, "या फळ्यावर रोज लिहिणारे आपले पेंटरकाका आजच्या दिवशी गेले. तेव्हा कळवायचे राहून गेले." शुभेच्छांना जागा उरली नाही. श्रद्धांजली पुसा असं कोण म्हणणार? ज्यांना वर्षभर पत्ता सापडला नव्हता ते त्या संध्याकाळी आमचं दार विचारत आले, डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आम्हाला कळलंच नाही गं." मला त्यांचा राग नव्हता. माझा राग कधीच वाटून दिलेला नव्हता, तो एकाच माणसासाठी होता.

तेव्हापासून दर वर्षी तेच. भाऊसाहेबांनी चौकात फ्लेक्स लावून पाहिला, तर लोक त्याच्याखाली उभे राहून फळा वाचायचे. शेवटी त्यांनी वाढदिवस तिथीने करायला घेतला. महाराजांची जयंती तिथीने करतात हे ऐकलं होतं, कॉलनीच्या अध्यक्षांची पहिल्यांदाच पाहिली. मला ज्या समाधानाने झोप लागली ते काय सांगू.

या समाधानासाठी मी बरंच काही सोडलं हेही सांगते. लग्न ठरवताना माझी अट एकच होती, याच कॉलनीत राहणारा हवा. नवऱ्याला पुण्यात चांगली नोकरी लागत होती, मी जाऊ दिलं नाही. तो गमतीने म्हणतो, तुझं लग्न माझ्याशी नाही, फळ्याशी झालंय. आता सकाळी मी फळ्याचा फोटो ग्रुपवर टाकते आणि दुबईला, अमेरिकेला गेलेली कॉलनीतली मुलं चहा पिताना तो वाचतात. त्या तारखेला सगळीकडून हात जोडलेले येतात.

गेल्या वर्षी भाऊसाहेबांची साठी होती. महापालिकेचं तिकीट हवं होतं, त्यासाठी मुंबईहून मोठे साहेब येणार होते, आणि साहेबांना तिथी चालणार नव्हती, तारीखच हवी होती. भाऊसाहेब पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आले. पाठीला बाक आला होता. चहा घेतला, आईची तब्येत विचारली. मग म्हणाले, "ताई, यंदा एक दिवस फळा मला द्या. पेंटरकाकांचं दुसऱ्या दिवशी घेऊ."

या क्षणाची मी इतकी वर्षं तालीम केली होती. मुद्दाम त्यांच्याच शब्दांत म्हटलं, "आजचा दिवस राहू द्या, भाऊसाहेब. तुमचं उद्या लिहू."

त्यांना ते वाक्य ओळखू आलंच नाही. बॉक्स तसाच ठेवून उठले आणि गेले. ज्या शब्दांवर मी आयुष्य बांधलं ते बोलणारा कधीच विसरून गेला होता. मला त्या दिवशी जितका राग आला तितका अप्पा गेले तेव्हाही आला नव्हता.

तारीख उजाडली. साहेबांची गाडी चौकात थांबली. फळ्यापुढे माणसं जमलेली, अप्पांच्या नावाखाली फुलं वाहिलेली. पुढाऱ्यांना गर्दी कुठे आहे ते बरोबर कळतं. साहेबांनी चपला काढल्या, सत्काराचा हार ताटातून उचलला आणि फळ्याला घातला. मग भाऊसाहेबांकडे वळून विचारलं, "हे कोण? कधी गेले?"

माईक चालू होता. भाऊसाहेब म्हणाले, "आमचे पेंटरकाका. हा फळा लिहायचे. गेले ते... आजच्याच दिवशी. माझ्या वाढदिवसाला." आणि बोलता बोलता थांबले. त्यांची नजर माझ्यावर आली, माझ्या हातातल्या ओल्या फडक्यावर गेली. तेव्हा त्यांना आठवलं. मी पाहिलं, माणसाचा चेहरा कसा उतरतो ते. मी नजर हटवली नाही.

आईला खुर्चीवर बसवून आणलं होतं. एरवी ती चौकात कधी यायची नाही. तिने फळा वाचला, हार पाहिला, माणसांवरून सावकाश नजर फिरवली आणि म्हणाली, "समदा उनात." मग मी रडले. तोवर रडले नव्हते.

तर असं आहे. नामपूरची आठवण येते. तात्यांचं अर्धं शटर तर अजून डोळ्यांसमोर आहे. पण गाव म्हणजे जिथे आपण गेल्यावर लोकांना कळतं ती जागा, आणि ती मला फुकट मिळाली नाही. माझ्या अप्पांसाठी मी ती हिसकावून घेतली. म्हणून आता माझं गाव हेच, एका माणसाच्या नाकावर टिच्चून.

भाऊसाहेबांना तिकीट मिळालं नाही. आता ते फळ्यासमोरून मान खाली घालून जातात. आईला त्यांची दया येते. "त्याना वाढदिवस बी लिखी दे आते," असं ती यंदाही म्हणाली.

मी खडू साखरेच्या पाण्यात बुडवला आणि तिला सांगितलं, उद्या लिहू.